फुटक्या रांजणाची ताठ मान

मी एक जुना रांजण आहे. जुना आहे आणि फुटकाही आहे, हे मीच आधी सांगून टाकतो. म्हणजे मागाहून कुणी बोट दाखवून हसायला नको. माझ्या खांद्यापासून बेंबीपर्यंत एक लांबलचक भेग गेलेली आहे. तिच्यावर सिमेंटचं ठिगळ आहे, आणि त्या ठिगळातूनही मी पाझरतो. तरीसुद्धा मित्रांनो, मी नोंगक्लुआ गावात चानपेंगच्या घराच्या वळचणीखाली उभा आहे. मला इथून हलवायला पुष्कळ जण आले आणि हात झटकत परत गेले.

माझा जन्म कुंभाराच्या चाकावर झाला नाही. चानपेंगचा नवरा खामसिंग आणि त्याचा थोरला भाऊ थोंगइन, या दोघांनी मला अंगणातच घडवलं. त्यांनी गोणपाटाचं एक मोठं पोतं शिवलं, त्यात भाताचा कोंडा ठासून भरला आणि बाहेरून सिमेंट-वाळूचा गिलावा थापला. गिलावा आवळल्यावर कोंडा उपसला, पोतं ओढून काढलं, आणि मी रिकाम्या पोटी जगात आलो. माझ्या पोटात हात घालून बघा, त्या पोत्याची वीण अजून बोटांना लागते. नंतर कितीतरी दिवस मला ओली पोती पांघरून ठेवलं होतं, कारण सिमेंट घाईघाईनं वाळलं की तडकतं. पण थोंगइनला धीर कुठला? तो मला टिचकी मारून म्हणाला,

"काय ढेरी आहे याची! थेट आपल्या मुखियासारखी. भरा की आता!"

"भावोजी, ढेरीला नावं ठेवू नका," चानपेंग म्हणाली. तेव्हा ती नवी नवरी होती, पण जिभेला तेव्हाही धार होती. "ती भरली तर घर भरलं. आणि तुमच्या घाईनं तडकली तर तुम्हालाच आत कोंबीन."

आमच्या गावाच्या नावाचा अर्थच मुळी मिठाचं तळं. खाली जमिनीत मीठ आहे. उन्हाळा आला की तळ्याचं पाणी आटतं आणि काठावर पांढरी साय धरते. बायका ती खरवडून आणतात, पाण्यात कालवतात, गाळतात आणि उकळून मीठ काढतात. त्या मिठात मासे मुरवले की वर्षभर भाताबरोबर खायला होतात. मीठ मुबलक, पण विहिरीचं पाणी तोंडात घालवत नाही. आडातच गोडवा नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? गोडं पाणी यायचं ते फक्त वरून, छपराच्या पत्र्यावरून, पन्हळीतून, माझ्या तोंडात.

आणि वरून ते का येतं, यावरून माझं आणि थोंगइनचं आयुष्यभर वाजलं.

थोंगइन हा पंचक्रोशीतला नामी बाणवाला. आमच्याकडे पेरणीच्या आधी सण असतो. लांबच लांब नळीत दारू ठासून, मागे वेळूची शेपटी बांधून, मोठमोठे अग्निबाण आभाळात सोडतात. आभाळात राहतो पया थेन, पावसाचा राजा. तो झोपला असला तर त्याला जागं करायचं, एवढाच हेतू. ज्याचा बाण उंच जातो त्याला खांद्यावर घेऊन नाचवतात, आणि ज्याचा फुसका निघतो त्याला उचलून चिखलात फेकतात. थोंगइनला आयुष्यात एकदाही चिखल लागला नव्हता. पाऊस पडला रे पडला की तो माझ्यापाशी येऊन ऐटीत म्हणायचा, "पी, पी, ढेरपोट्या! माझ्या बाणाच्या जिवावर पितो आहेस."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबायच्या! अरे, तुझा बाण वर्षातून एकदा वर जातो. पाणी रोज वर जातं. त्याला दारू लागत नाही की ढोल लागत नाही. सकाळी तळ्यावर ऊन पडलं की पाणी हलकं होऊन निघालंच. म्हशीच्या ओल्या पाठीवरून निघतं, वाळत घातलेल्या कपड्यांतून निघतं, केळीच्या पानांतून, भाताच्या खाचरांतून निघतं. दूरच्या समुद्रावरून तर किती निघत असेल! समुद्र मी पाहिलेला नाही, पण त्याचं पाणी माझ्या पोटात राहून गेलेलं आहे. हे पाणी डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते जातच नाही, असं कोण म्हणेल? थोंगइन म्हणेल.

मला हे कुणी शिकवलं नाही. माझ्या पोटातच ते रोज घडत होतं. दुपारी ऊन तापलं की माझ्यातलं थोडं पाणी वाफ होऊन झाकणाला जाऊन भिडायचं. संध्याकाळी वारा सुटून झाकण गार झालं की तिथे थेंब धरायचे. थेंबाला थेंब मिळून जड झाले की टप, टप, परत पाण्यात. माझ्या झाकणाखाली रोज एक लहानसा पाऊस पडत होता, मित्रांनो, आणि त्यासाठी कुणी एक फटाकासुद्धा उडवला नव्हता. आभाळात तरी दुसरं काय होतं? वर गेलेली वाफ गार पडते, तिचे बारीक थेंब होतात, त्यांचे ढग होतात, आणि पेलवेनासं झालं की ते खाली येतं. थोडं वाहून तळ्यात जातं, थोडं जमिनीत मुरतं, आणि ऊन पडलं की पुन्हा वरची वाट धरतं. आणि वर जाताना मीठ खालीच टाकून जातं, म्हणून तर आभाळातून खारट पाऊस कधी पडत नाही.

पण रांजणाचं कोण ऐकतो! माझं तोंड एवढं मोठं, पण बोलण्याच्या कामाचं नाही.

ते दिवस मात्र माझ्या मानाचे होते. मोसमातल्या सुरुवातीच्या दोन-चार सरी चानपेंग मला पिऊ द्यायची नाही. पत्र्यावरची धूळ आणि पाखरांची घाण धुऊन जाऊ दे, म्हणून ती पन्हळ बाजूला वळवून ठेवायची. मग पत्रा लख्ख झाला की पन्हळ माझ्या तोंडाशी. मी काठोकाठ भरायचो. फाटकापाशी एका फळीवर मातीचं लहान मडकं आणि करवंटीची पळी असायची. वाटसरूनं न विचारता पाणी प्यावं, अशी आमच्याकडची रीत आहे. त्या मडक्यात माझंच पाणी असायचं. लोक पिऊन म्हणायचे, "चानपेंगच्या घरचं पाणी काय गोड आहे!" खामसिंग कौतुकानं माझी पाठ थोपटायचा. तो तापानं गेला त्या वर्षी चानपेंग माझ्या आडोशाला बसून रडली होती. रडून झाल्यावर तिनं माझ्याच पाण्यानं तोंड धुतलं आणि भात रांधायला गेली.

तिची मुलगी पायलिन माझ्याभोवती लपाछपी खेळत मोठी झाली आणि बँकॉकला शिवणकामाच्या कारखान्यात गेली. सणाला परत यायची ती नाकाला रुमाल लावून. "आई, हे काय अजून रांजणातलं पाणी! तिकडे तोटी फिरवली की पाणी. याला काढ आणि इथे छान ओटा बांध." ज्या पोरीला मी पहिली अंघोळ घातली, ती मला काढ म्हणत होती! मला राग आला. अगदी खरा राग आला. पण राग आला म्हणून पाणी कडू करणं माझ्या रक्तात नाही.

मग ते कोरडं वर्ष उजाडलं.

आदल्या पावसाळ्यानं अर्ध्यातच पाठ फिरवली होती. तळं आटून पांढरंफटक पडलं. लोकांचे लहान-लहान रांजण तळाला गेले. तालुक्याचा टँकर क्वचित यायचा आणि घरटी बादली-दोन बादल्या देऊन जायचा. त्यात पायलिन बाळंतपणाला माहेरी आली. तिचा नवरा तिकडे टॅक्सी चालवत होता. पायलिनचे दिवस भरत आले होते, आणि आमच्याकडे बाळंतिणीला विस्तवाशेजारी निजवतात. बाळ झालं की वेळूच्या बाजेवर निजायचं, बाजेशेजारी चिंचेच्या लाकडांचा विस्तव अहोरात्र जागता ठेवायचा, आणि मुळ्या घालून उकळलेलं कढत पाणी हंड्यामागून हंडे प्यायचं. अंघोळही त्याच पाण्याची. पाणी कमी पडलं तर बाळंतीण सुकते, तिचं दूध आटतं. आणि खारट पाणी तर विषच. म्हणून चानपेंगनं मला झाकण घातलं, झाकणावर पाटा ठेवला आणि जाहीर करून टाकलं, "यातला थेंब आता माझ्या लेकीचा. फाटकातलं मडकं मी भरीन, पण रांजणाला कुणी हात लावायचा नाही."

तेवढ्यात आला सण. घरोघर पाहुणे आले. आमच्या लोकांची खोड अशी, की घरात दाणा नसला तरी चालेल, पण पाहुण्यापुढे हात आखडता घ्यायचा नाही. सगळ्यांनी उरलेसुरले रांजण पाहुण्यांसाठी रिते केले, भात शिजवले, भांडी घासली. चानपेंगनं मात्र पाटा हलवला नाही.

"रांजणाला कुलूप लावलंस का गं?" एका शेजारणीनं कुंपणावरून टोमणा मारला. "नवऱ्याला एवढं जपलं असतंस तर आज जिवंत असता!"

"माझ्या नवऱ्याचं नाव घेऊ नकोस," चानपेंग म्हणाली. "आणि रांजणाला कुलूप नाही, पण मला हात आहेत. ये, हलवून बघ पाटा."

थोंगइन तर बाण खांद्यावर घेऊनच आला. "चानपेंग, गावात आपलं नाक कापलंस! दे चार बादल्या. उद्या माझा बाण गेला की परवा तुझी ढेरी पुन्हा भरेल. शब्द देतो."

"तुमच्या शब्दावर माझी लेक जगायची नाही, भावोजी."

"आई, देऊन टाक ना," आतून पायलिन कण्हत म्हणाली. "लोक काय काय बोलतायत."

"बोलू देत. लोकांच्या बोलण्यानं तुला दूध यायचं नाही."

वा रे माझी चानपेंग! मला हात असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या मचाणावरून बाण सुटले. थोंगइनचा बाण सगळ्यांत शेवटी. उन्हानं वेळू इतका वाळला होता की शेपटी कडकडत होती. दोघांनी त्याला सांगितलं, शेपटी बदल, ही मोडेल. पण ऐकेल तो थोंगइन कसला! त्यानं वात पेटवली. बाण मचाणावरून उठला, आणि उठता उठताच शेपटी कटकन मोडली. मग त्या बाणाला वर कुठलं आणि खाली कुठलं हेच कळेना. तो फुसफुसत आडवा निघाला, म्हशींवरून, केळींवरून, छपरांवरून, लोक किंचाळत पळाले, आणि तो थेट आला तो माझ्या खांद्यावर.

पाऊस मागायला निघालेल्या बाणानं पाऊस साठवलेला रांजण फोडला. असं शहाणपण आमच्याच गावात होऊ शकतं.

दुखलं की नाही, ते विचारू नका. माझ्या खांद्यापासून बेंबीपर्यंत भेग पडली आणि गोडं पाणी भळाभळा अंगणात वाहून गेलं. चानपेंग मचाणापासून धावत आली. तिनं दोन्ही हातांनी भेग दाबून धरली, कमरेचा पंचा कोंबला, चिखल थापला, पण पाणी काय हातांनी थांबतं? बेंबीखाली होतं तेवढंच राहिलं. ती मला पाठ टेकून मटकन बसली.

तरुण पोरांनी रीतीप्रमाणे थोंगइनला उचललं आणि चिखलात फेकायला तळ्याकडे पळवत नेलं. तिथे पोचल्यावर बघतात तो काय, चिखलच नाही! सगळी भेगाळलेली जमीन आणि मिठाची साय. फेकावं तर म्हाताऱ्याची हाडं मोडतील. पोरं ओशाळून उभी राहिली आणि शेवटी त्यांनी त्याला हळूच खाली ठेवलं. थोंगइन म्हणत होता, "फेका रे, फेका!" त्याला कुणी फेकलं नाही, याचंच त्याला जास्त लागलं.

गावात कुजबुज सुरू झाली. "सणाला पाणी दिलं नाही, म्हणून पया थेननं बरोबर तोच रांजण फोडला." मुखिया तर मला बघून म्हणाला, "आता या ठिकऱ्या खड्ड्यात लोटून द्या. अपशकुनी वस्तू दारात नको."

"लोटा ना," चानपेंग उठून उभी राहिली. "आधी मला लोटा. अजून याच्या बुडाशी पाणी आहे. आणि तुमच्या पया थेनला माझ्या पोटुशा लेकीशी वैर करायचं असेल, तर मला असा राजा नको."

मुखिया आल्या वाटेनं परतला.

दोन दिवसांनी पायलिनला मुलगी झाली. बाज पडली, विस्तव पेटला, आणि माझ्या बुडाशी राहिलेलं पाणी भराभर उतरू लागलं. काही शेजारणींनी टँकरच्या आपल्या बादलीतलं थोडं पाणी किटलीतून आणून दिलं; टोमणा मारणारीही त्यात होती. तिनं किटली खाली ठेवली आणि मान वर न करता गेली. पण विस्तवाजवळच्या बाळंतिणीला किटलीनं काय होतंय? पायलिनचे ओठ सुकले. बाळ रडरड रडू लागलं. एका सकाळी चानपेंगनं पळी घातली तर ती माझ्या बुडाला खरवडली. तो आवाज मला अजून आठवतो.

आणि त्याच सकाळी गावानं एक अघटित पाहिलं. भर उन्हात, भर रस्त्यानं, रेड्यांच्या गाडीत आपली भट्टी घालून थोंगइन येत होता. मोठा हंडा, त्यावर बसवायचं बिनबुडाचं लाकडी पिंप, वर ठेवायची परात आणि वेळूची नळी. चोरून तांदळाची दारू गाळायची भट्टी ती! ती त्याच्याकडे आहे हे गावातलं कुत्रंसुद्धा जाणून होतं, पण ती कुणीही पाहिलेली नव्हती. पाहिली असं म्हटलं तर अबकारी खात्याचे साहेब येणार. मुखियानं तिला पाहून चक्क पाठ फिरवली आणि तो आपल्या कोंबड्या मोजायला लागला.

"हे काय सोंग आणलंत, भावोजी?" चानपेंग कडाडली. "बाळंतिणीच्या घरी दारू गाळणार?"

"पाणी गाळणार," थोंगइन म्हणाला. "रांजण मी फोडला. पाणीही मीच देणार. आभाळ देत नसेल तर चुलीवरून काढीन. विहिरीचं खारं पाणी या हंड्यात ओत."

"अहो, खारं ओतून गोडं कसं निघेल?"

"वाटाण्याएवढी अक्कल मलाही आहे. मी दारू गाळतो, तेव्हा आंबलेला भात कधी नळीतून बाहेर आलाय? तो खालीच राहतो. मग मीठ कसं वर चढेल? त्याला काय पाय आहेत?"

चानपेंगनं पोहरा उचलला आणि विहीर गाठली.

मित्रांनो, मी तिथेच, चार हातांवर होतो. मी सगळं डोळे फाडून पाहिलं. खाली चूल पेटली, हंड्यातलं खारं पाणी उकळू लागलं. वाफ पिंपातून वर चढली आणि परातीच्या बुडाला भिडली. परातीत विहिरीचं गार पाणी होतं. गार लागताच वाफेचे थेंब झाले, थेंब आतल्या लाकडी पळीवर पडले आणि नळीतून बाहेर आले. टप. टप. टप. चूल म्हणजे ऊन, हंडा म्हणजे तळं, परात म्हणजे आभाळ! जे मी वर्षानुवर्षं झाकणाखाली पाहत होतो, ते त्या बाणवाल्यानं माझ्यासमोर मांडून दाखवलं. मी त्याला आयुष्यभर मूर्ख समजत आलो होतो. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली. मोठ्यानं नाही. मलाही माझी ऐट आहेच की.

चानपेंगनं पहिला वाडगा हुंगला आणि फेकून दिला. "शी! दारूचा भपकारा! माझी बाळंतीण झिंगेल!" दुसराही फेकला. तिसऱ्याला वास कमी आला. मग तिनं बोट बुडवून चाखलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं; ते मात्र खारटच असणार.

"गोडं आहे," ती म्हणाली.

"तू पी, पोरीला दे," थोंगइन म्हणाला. "पायलिन विस्तवाजवळून उठेपर्यंत या नळीचा एक थेंब मी तोंडात घालणार नाही. मी विहिरीचं पिईन."

"मराल."

"मरत नाही. माझं आतडं मिठातल्या माशासारखं मुरलेलं आहे."

आणि खरंच, तो हटून बसला. दिवसभर चूल सारायची, परातीतलं पाणी तापलं की बदलायचं, हंड्याच्या बुडाशी मीठ साचलं की खरवडून काढायचं. स्वतः मात्र विहिरीचं मचूळ पाणी प्यायचा. त्याचे ओठ फुटले. थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात, तसा वाडगा भरायचा, वाडग्यावाडग्यानं हंडा भरायचा. पायलिन कढत पाणी पिऊ लागली. तिला घाम फुटला, दूध उतरलं, आणि बाळाचं रडणं थांबून ते चुटूचुटू पिऊ लागलं.

मग कुणीतरी चुगली केली. फटफटीवरून अबकारी खात्याचे साहेब आले. आमच्याकडची रीत म्हणून ते आधी फाटकापाशी मडक्यातलं पाणी प्यायले, आणि मगच त्यांनी अंगणात पाय टाकला. भट्टी समोरच धडधडत होती. सगळा गाव कुंपणाबाहेर जमला.

"मेयाय," म्हणजे आजीबाई, अशी हाक मारून साहेब चानपेंगला म्हणाले, "हे काय चाललंय?"

"दिसत नाही का, साहेब? पाणी काढतोय."

"भट्टीतून?"

"मग काय करू? रांजण फुटला."

साहेबांनी वाडगा उचलून हुंगला. चाखला. पुन्हा चाखला. मग हंड्यातलं थोडं पाणी काढून, फुंकर मारून जिभेला लावलं आणि थुंकले. "आत खारं, आणि बाहेर गोडं!"

"मीठ खाली राहतं, साहेब. वर जातं ते नुसतं पाणी. आभाळही हेच करतं. त्याच्यावर खटला भरता का?"

कुंपणाबाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी तिकडे डोळे वटारले. "आभाळाची भट्टी माझ्या हद्दीत येत नाही, मेयाय. ही येते. आज हिच्यातून पाणी निघतंय, पण काल काय निघत होतं ते मला ठाऊक आहे. ही मला न्यावी लागेल."

चानपेंग भट्टीच्या आणि त्यांच्या मधे जाऊन उभी राहिली. पंचा कमरेला खोचलेला, हातात सरपणाचं लाकूड. "न्या. पण माझ्या लेकीचा शेक पुरा झाल्यावर. तोवर ही चूल विझणार नाही. विझवायची असेल तर आत जा, बाजेवर माझी लेक आहे, नात आहे, त्यांना सांगून या."

साहेब आत गेले नाहीत. आतून बाळाचा आवाज आला तेवढा त्यांनी ऐकला.

थोंगइन पुढे आला. फुटलेल्या ओठांनी म्हणाला, "भट्टी माझी आहे, साहेब. शेक पुरा झाला की मी स्वतः गाडीत घालून ठाण्यावर आणून देतो. मलाही ठेवून घ्या वाटलं तर. माझा शब्द आहे."

"बाण सरळ जात नाही, त्याचा शब्द सरळ जाईल होय?" कुंपणाबाहेरून टोला आला आणि सगळा गाव खो खो हसला. साहेबांनाही हसू आवरेना. त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं, फटफटीला लाथ मारली आणि जाता जाता म्हणाले, "नाही आणलीत, तर मी परत येईन. आणि तेव्हा मी पाणी मागणार नाही."

शेक पुरा झाला. त्या सकाळी पायलिन पहिल्यांदा बाजेवरून उठली. गालांवर तजेला, कडेवर बाळ. बाहेर थोंगइन भट्टी गाडीत बांधत होता. खरोखरच ठाण्यावर निघाला होता तो. हंडा, पिंप, परात, नळी, सगळं. बापजाद्यांपासून चालत आलेली भट्टी ती. दोरीची गाठ मात्र त्याला नीट बसेना.

पायलिननं शेवटचा वाडगा भरून घेतला आणि ती त्याच्यापाशी गेली. थोंगइन तिच्या बापाचा थोरला भाऊ, म्हणजे तिचा लुंग.

"लुंग, आता मी उठले," ती म्हणाली. "आता प्या."

थोंगइननं गाडीवान बसतो तसं चाकाला टेकून वाडगा तोंडाला लावला. एक घोट घेतला. तोंडात घोळवला. सगळे बघत होते. त्यानं तोंड वाकडं केलं.

"फिक्कं आहे," तो म्हणाला.

"मग ओता माघारी!" चानपेंग म्हणाली.

"आता हातात दिलंयच तर पितो," असं म्हणून त्यानं वाडगा वर केला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. किती तरी वेळ तो वाडगा त्याच्या तोंडापुढून खाली आला नाही, आणि त्याचे खांदे हलत होते. मग त्यानं रेड्यांना हाक मारली आणि गाडी रस्त्याला लागली.

ठाण्यावर त्याला दिवसभर बसवून ठेवलं, भरपूर झापलं आणि सोडून दिलं. भट्टी काही परत मिळाली नाही. परत आल्यावर त्यानं आधी सिमेंट कालवलं आणि मला हे ठिगळ लावलं. ठिगळ पाझरतं. तो बाणवाला आहे, गवंडी नाही. पण चानपेंगनं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि मीही लावत नाही.

आता घरोघर नळ आले आहेत, अंगणात निळ्या टाक्या आल्या आहेत. अधूनमधून कुणीतरी पहार घेऊन येतं आणि म्हणतं, हा फुटका रांजण काढून टाका. तेव्हा चानपेंगच्या आधी पायलिनच आडवी येते. तीच पायलिन, जिला इथे ओटा हवा होता!

मित्रांनो, मी तुमच्याकडे दया मागत नाही. मी एवढंच सांगतो, की पाणी फार लांबून येतं. समुद्रावरून, तळ्यांवरून, पानांवरून उठतं, मीठ खाली टाकतं, आभाळात गार पडतं आणि तुमच्या दारी उतरतं. ते कुणाच्या बाणानं येत नाही आणि कुणाच्या हुकमानं थांबत नाही. आल्यावर त्याला टेकायला जागा द्या. झाडं ठेवा, तळी ठेवा, भांडी ठेवा. आणि एखादं भांडं फुटकं दिसलं, तर फेकण्याआधी भेगेच्या खाली किती मावतं ते वाकून बघा.

एवढं सांगूनही मला हलवायचंच असेल, तर खुशाल या. मी बेंबीपर्यंत भरलेला आहे. उचलून दाखवा!